कामाचा पडदा की खेळाचा? मॉनिटर घेण्याआधीच्या चार गोष्टी

हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडा, तांदूळ निवडत असाल तर निवडा, फक्त कान इकडे असू द्या. आज आपण मॉनिटरबद्दल, म्हणजे संगणकाच्या पडद्याबद्दल बोलणार आहोत.

आता गावोगावच्या गटांकडे संगणक आलाय. गटाचा जमाखर्च, बँकेचे कागद, दाखल्यांचे अर्ज, मसाल्याच्या पाकिटावरची चिठ्ठी, सगळं त्यावरच होतं. आम्हीही आमच्या गावात अर्ज भरून द्यायचं आणि टायपिंगचं काम करतो. त्यामुळे मॉनिटर घ्यायची वेळ आली की ओळखीच्या बायका आम्हाला विचारतात. आणि जवळजवळ प्रत्येक घरातला पेच सारखाच असतो. दिवसा बाईला त्यावर काम करायचंय, संध्याकाळी पोराला त्यावर गेम खेळायचाय, आणि पैसे आहेत एकाच मॉनिटरचे. मग घ्यायचा कोणता?

बहुतेक वेळा होतं असं, की दुकानात बोलतो पोरगा आणि पैसे मोजते आई. पोराला त्यातलं कळतं म्हणून आपण गप्प बसतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात १४४, १६५ असे आकडे छापलेले असतात. ते आकडे खेळाचे. आपल्या कामाचे आकडे खोक्याच्या कडेला, बारीक अक्षरात असतात. ते कोणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. आज आपण तेच वाचायला शिकू, आणि दोघांचंही काम भागेल असा मार्ग निघतो का तेही बघू.

सगळ्यात आधी पैशाचा नाही, तासांचा हिशेब मांडा. गटाची वही आपण लिहितोच, तशीच एका कागदावर दोन रकाने काढा. एकीकडे कामाचे तास, दुसरीकडे खेळाचे. समजा तुम्ही रोज सहा तास अर्ज भरता आणि मुलगा दीड तास खेळतो. मग त्या पडद्यावर जे साडेसात तास जाणार आहेत त्यांतले सहा तुमचे. ज्याचे तास जास्त त्याचं म्हणणं आधी ऐकायचं, एवढा साधा न्याय आहे. आणि एखाद्या घरात उलटं असेल, काम आठवड्यातून दोनदा आणि मुलगा संगणकाचंच शिकत असेल, तर तिथे त्याचं आधी ऐका.

आता पहिली गोष्ट, अक्षर.

मॉनिटरचा आकार इंचात सांगतात, आणि तो मोजतात एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत. २२ इंची, २४ इंची, २७ इंची असे मिळतात. आपल्याला वाटतं, मोठा घेतला की अक्षर छान दिसणार. तसं नेहमी होत नाही. का, ते आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीवरून समजेल. पडद्यावरचं प्रत्येक अक्षर बारीक ठिपक्यांनी बनलेलं असतं. फुल एचडी म्हणतात त्या पडद्यावर आडव्या ओळीत १९२० ठिपके आणि उभ्या ओळीत १०८० ठिपके असतात. पडदा २२ इंची असो, २४ असो की २७, फुल एचडी म्हटलं की ठिपके तेवढेच. म्हणजे ठिपके तितकेच ठेवून अंगण मोठं केलं तर काय होईल? ठिपके विरळ होतील आणि रांगोळी खडबडीत दिसेल. तेच इथे होतं.

आकड्यात सांगायचं तर फुल एचडीचा २४ इंची पडदा घेतला की एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात. तेच २७ इंचात पसरले की इंचाला ८२ उरतात. साडेएकवीस इंची घेतला तर १०२ बसतात. म्हणून कागदपत्रांच्या कामाला फुल एचडीमध्ये २२ किंवा २४ इंच हे माप चांगलं. २७ इंच हवाच असेल तर त्याच्या वरचा पडदा बघावा लागतो, २५६० बाय १४४० ठिपक्यांचा. त्यात इंचाला १०९ ठिपके येतात आणि अक्षर सुरेख दिसतं, पण किंमतही चांगलीच वाढते.

इथेच आणखी एका प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. "घरात ३२ इंची टीव्ही पडून आहे, तोच जोडला तर?" जोडता येतो. पिक्चर बघायला, गटाच्या सभेत सगळ्यांना काही दाखवायला तो उत्तम. पण या मापाच्या बऱ्याच टीव्हींत १३६६ बाय ७६८ एवढेच ठिपके असतात, म्हणजे इंचाला पन्नासही नाहीत. टीव्ही आपण आठ-दहा फुटांवरून बघतो म्हणून ते जाणवत नाही. हातभर अंतरावर बसून त्यावर सहा तास अर्ज भरायचे म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

तुम्ही म्हणाल, अक्षर थोडं खडबडीत दिसलं तर काय बिघडलं? मैत्रिणींनो, आपली लिपी बारकाव्याची आहे. ध आणि घ यांच्यात फरक काय? डोक्यावरच्या रेघेतली एवढीशी फट. भ आणि म यांच्यातही तेच. मोरे आणि भोरे ही दोन वेगळी आडनावं आहेत. धाडगेचं घाडगे झालं, शिंदेच्या डोक्यावरचा अनुस्वार उडाला, तर आधारवरचं नाव एक आणि अर्जावरचं नाव दुसरं. मग त्या बाईला पुन्हा हेलपाटा, पुन्हा दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडाली. सातबारावरच्या क्षेत्रात एक टिंब इकडचं तिकडे झालं तर काय होतं, ते तर तुम्हाला सांगायलाच नको. म्हणून आम्ही म्हणतो, स्पष्ट अक्षर ही आपल्या कामातली चैन नाही, ती आपल्या कामाची मजुरी वाचवते.

त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये मराठी कागदाची फाइल घेऊन जा. सातबारा असेल, गटाचा ठराव असेल, काहीही चालेल. दुकानदार आपल्याला रंगीबेरंगी फुलं, समुद्र, मोटारी दाखवतो. त्याला म्हणा, "दादा, फुलं राहू द्या, हा कागद उघडा." खुर्चीवर नीट बसा, हातभर अंतर ठेवा आणि वाचा. ध-घ, भ-म, प-ष वेगळे दिसतात का? अनुस्वार आणि रफार दिसतो का? इंग्रजी आकड्यांतला तीन आणि आठ ओळखू येतो का? मान पुढे न काढता, डोळे बारीक न करता वाचता आलं तर पडदा पास.

आणि हो, नवा घेण्याआधी जुना एकदा तपासा. कधी कधी मॉनिटर चांगला असतो, पण संगणकाच्या सेटिंगमध्ये ठिपक्यांचा आकडा चुकीचा ठेवलेला असतो आणि अक्षर फिसकटतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ज्या आकड्यापुढे रेकमेंडेड लिहिलंय तोच निवडा. मग अक्षर बारीक वाटलं तर तिथेच स्केल नावाची सोय असते, ती १०० वरून १२५ टक्के करा. फुकटात काम झालं तर तेवढे पैसे वाचले.

दुसरी गोष्ट, पडद्याची जात. गव्हाच्या जाती असतात तशा पडद्यांच्याही असतात. तीन नावं लक्षात ठेवा: आयपीएस, व्हीए आणि टीएन.

टीएन हा जुना, स्वस्त आणि झटपट हलणारा. पण जरा वरून, खालून किंवा बाजूने बघितलं की रंग बदलतात, अक्षर फिकं पडतं. व्हीएमध्ये काळा रंग खरोखर काळा दिसतो, त्यामुळे रात्री खोलीत अंधार करून सिनेमा बघायला तो छान. पण गेममध्ये अंधाराचं दृश्य असेल तर हलणाऱ्या वस्तूमागे कधी कधी काळपट फराटा दिसतो. आयपीएस कुठूनही बघा, रंग आणि अक्षर जवळपास तसंच दिसतं. त्याचा काळा रंग मात्र थोडा करडा वाटतो.

आपल्या कामाला आयपीएस बरा, आणि त्याचं कारण आपल्या कामातच आहे. अर्ज भरताना आपण एकट्या नसतो. जिचा अर्ज आहे ती मावशी शेजारी बसलेली असते. "मावशी, नाव बरोबर आहे का बघा," असं आपण विचारतो. तिला बाजूने बघून वाचता आलं पाहिजे. गटाचा हिशेब तपासताना तर तिघी-चौघी पडद्यासमोर असतात. ज्याला बाजूने बघता येत नाही असा पडदा आपल्याला कामाचा नाही.

वाकड्या पडद्याचीही हल्ली चलती आहे. तो खेळणाऱ्या एकट्याला आवडतो. पण तक्त्यांच्या, रकान्यांच्या कामात सरळ रेघा सरळच दिसलेल्या बऱ्या. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

तिसरी गोष्ट, आपले डोळे आणि आपली मान.

डोकं दुखलं की आपण म्हणतो, ऊन लागलं असेल, झोप झाली नसेल. पडद्याचं नाव कोणी घेत नाही. खोक्यावर फ्लिकर-फ्री असं लिहिलंय का ते बघा. काही पडदे उजेड कमी केला की फार वेगाने लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचं डोकं त्याने धरतं. दुकानात पडद्याचा उजेड कमी करायला सांगा आणि फोनच्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडे बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर लुकलुक असावी, असा अंदाज बांधता येतो.

पडद्याचा पृष्ठभाग खरबरीत, न चमकणारा घ्या. आपल्या खोल्यांना मोठी दारं, वर पत्रा, मध्ये एक ट्यूबलाइट. चकचकीत पडद्यात आपलंच तोंड आणि मागचं दार दिसतं. पडदा खिडकीसमोर किंवा खिडकीकडे पाठ करून ठेवू नका, खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येऊ द्या.

निळा प्रकाश कमी करणारा म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. विंडोजमध्ये नाइट लाइट नावाची सोय फुकट आहे. डोळे शिणतात ते बरेचसे टक लावून बघितल्यामुळे. पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी निदान २० सेकंद २० फुटांवरच्या वस्तूकडे बघावं. दारातून समोरच्या लिंबाकडे बघितलं तरी पुरे.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड मिळाला तर उत्तम, पण त्यामुळे किंमत वाढते. नाही मिळाला तर मॉनिटरखाली लाकडी पाट ठेवा, काम होतं. खुर्ची उंच असेल आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखालीही पाट घ्या. पाय टेकले की कंबर निम्मी सुखावते.

आणि चाळिशी उलटलेल्या मैत्रिणींना खास सांगणं. आपला जवळचा चष्मा पुस्तक वाचायच्या अंतरासाठी असतो. पडदा त्याहून लांब, हातभर अंतरावर असतो. म्हणून तोच चष्मा लावून आपण मान पुढे काढतो आणि मग मान धरते. डोळे तपासायला जाल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मी संगणकावर काम करते, पडदा इतक्या अंतरावर असतो." अंतर घरून मोजूनच न्या. कितीही भारी मॉनिटर घेतला तरी चुकीच्या चष्म्यापुढे त्याचा उपयोग नाही.

आता चौथी गोष्ट, खेळ. मुलं म्हणतील, आईने स्वतःचंच सगळं सांगितलं. तर ऐका, मुलांनो.

खोक्यावरचा १४४ हा आकडा हर्ट्‌झचा. हलणारं चित्र म्हणजे एकामागून एक पटापट दाखवलेली स्थिर चित्रं. ६० हर्ट्‌झचा पडदा एका सेकंदाला ६० चित्रं दाखवू शकतो, १४४ चा १४४ दाखवू शकतो. जास्त चित्रं म्हणजे हालचाल जास्त सफाईदार. धावण्याच्या, नेमबाजीच्या, गाड्यांच्या खेळात तो फरक खरंच कळतो. पोरं उगीच मागत नाहीत.

पण चित्रं तयार कोण करतं? मॉनिटर नाही करत. चित्रं तयार करतो संगणक, मॉनिटर ती फक्त दाखवतो. लग्नघरातला पोळ्यांचा घाणा आठवा. लाटणारी एक आणि भाजणारी एक. भाजणारीचा हात कितीही चालत असला तरी लाटणारी मिनिटाला चारच पोळ्या देत असेल, तर ताटात चारच पडणार. आपल्याकडचे बरेच संगणक आणि लॅपटॉप साध्या कामाचे, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. जड गेममध्ये ते सेकंदाला तीस-चाळीस चित्रंच कशीबशी लाटतात. त्यांना १४४ चा मॉनिटर लावला तरी पोळ्या चाळीसच. जास्तीचे पैसे गेले ते तव्याला.

म्हणून मुलाला दोन प्रश्न विचारा. रागावून नाही, खरंच माहिती हवी म्हणून. पहिला, "आपल्या संगणकात ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे?" दुसरा, "तू खेळतोस तो गेम आपल्या संगणकावर सेकंदाला किती चित्रांनी चालतो?" बऱ्याच गेममध्ये हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायची सोय असते, त्याला एफपीएस म्हणतात. मुलाला तो दाखवायला लावा. तो आकडा ५० असेल तर १४४ चा मॉनिटर घेण्यात अर्थ नाही. तो ११०-१२० च्या पुढे जात असेल तर पोराच्या मागणीत दम आहे.

मोठ्या, जास्त ठिपक्यांच्या पडद्याचंही असंच. २५६० बाय १४४० च्या पडद्याला फुल एचडीच्या पावणेदोन पट ठिपके रंगवावे लागतात. कामाला ते छान, पण गेम चालवताना संगणकाची दमछाक होते.

खोक्यावर १ एमएस असंही लिहिलेलं असतं. पडद्यावरचा ठिपका किती लवकर रंग बदलतो त्याचा तो आकडा. पण तो दोन वेगळ्या पद्धतींनी मोजतात, एक जीटीजी आणि दुसरी एमपीआरटी. एका खोक्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी असेल, तर ती तुलना पायलीची शेराशी. त्या एका आकड्यावर भुलू नका.

आणि कोणता खेळ, हेही बघत चला. खेळ वेगळा आणि पैसे लावून खेळायचा जुगार वेगळा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केलेत. मॉनिटर एकत्र आणायला जाल तेव्हा हे बोलणंही मोकळेपणाने होऊन जाऊ द्या.

आता मधला मार्ग. पूर्वी कामाचे मॉनिटर सगळे ६० हर्ट्‌झचे असायचे आणि त्याहून जास्त हवं असेल तर गेमिंगचा महागडाच घ्यावा लागायचा. आता तसं राहिलेलं नाही. कामासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या २४ इंची मॉनिटरमध्येही १०० हर्ट्‌झ येऊ लागलंय. २४ इंच, फुल एचडी, आयपीएस, १०० हर्ट्‌झ, फ्लिकर-फ्री, एवढं असलेला मॉनिटर साधारण सात ते दहा हजारांत मिळतो. किमती सणासुदीला खालीवर होतात, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारा. अशा मॉनिटरवर अक्षर स्पष्ट दिसतं, मावशीला बाजूने वाचता येतं, आणि ६० पेक्षा सफाईदार खेळही होतो. ज्या घरात काम जास्त आणि खेळ कमी, तिथे हाच घ्यावा असं आमचं मत.

संगणकात चांगलं ग्राफिक्स कार्ड आहे आणि मुलगा खरंच वेगाचे गेम खेळतो, तर १४४ किंवा १६५ चा घ्या, पण आयपीएसच घ्या आणि सातबाराची परीक्षा त्यालाही लावा. आणि जिचं काम चित्रांचं, डिझाइनचं, मोठ्या तक्त्यांचं आहे तिने २७ इंची, २५६० बाय १४४० चा विचार करावा, पैसे जमवून का होईना.

निवड झाली. आता दुकानात काय तपासायचं?

एक, जोडणी. आपल्या संगणकाच्या मागे कोणतं तोंड आहे त्याचा फोटो काढून न्या. जुन्या संगणकाला व्हीजीए असतं, निळं, पंधरा छिद्रांचं. नव्या मॉनिटरला ते असेलच असं नाही, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असतं. खोक्यात कोणती वायर मिळते तेही विचारा. आणि जास्त हर्ट्‌झचा मॉनिटर घेतलात तर घरी आल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा निवडायला विसरू नका. नाहीतर १४४ चा मॉनिटर गुपचूप ६० वरच चालत राहतो.

दोन, आवाज. बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतात. प्रशिक्षणाचे व्हिडिओ बघायचे असतील तर आधीच विचारा.

तीन, वीज. २४ इंची मॉनिटर साधारण २० वॅट खातो, म्हणजे नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे. रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस चालवला तरी वीज लागते चार युनिट. इन्व्हर्टरवर सहज चालतो. यूपीएस असेल तर मॉनिटरची वायर बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटलाच लावा. नाहीतर लाइट गेल्यावर संगणक चालू आणि पडदा बंद, आणि भरत आलेला अर्ज दिसेनासा.

चार, कागद. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. "बिलाशिवाय स्वस्तात देतो" म्हणालं कोणी तरी घेऊ नका. गटाच्या हिशेबाला बिल लागतंच, आणि वॉरंटीलाही लागतं. गटाचा मॉनिटर असेल तर बिल गटाच्या नावावर करा, कुणा एकीच्या किंवा तिच्या मुलाच्या नावावर नको. मॉनिटरवर बीआयएसची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. तो नंबर फोनवर बीआयएस केअर ॲपमध्ये तपासता येतो. वॉरंटी किती वर्षांची, दुरुस्ती कुठे होते, तालुक्याला की जिल्ह्याला, हे विचारा. पडद्यावर एखादा ठिपका मेलेला निघाला तर बदलून मिळेल का, तेही विचारा. दुकानातच पडदा पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून बघा, मेलेला ठिपका तेव्हाच दिसतो. आणि फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. लिहून ठेवा, एक नऊ एक पाच.

जुना मॉनिटर भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. जुन्या फुगीर काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं आणि ते मातीत-पाण्यात जातं. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या.

मैत्रिणींनो, शेवटची गोष्ट आकड्यांची नाही. घरात मुलाची मागणी ऐकू येते, कारण तो ती बोलून दाखवतो. आपली डोकेदुखी ऐकू येत नाही, कारण आपण बाम चोळून कामाला लागतो. सहा तास त्या पडद्यासमोर आपण बसणार, त्यावर चार पैसे आपण मिळवणार, तर तो कसा असावा हे आपणच सांगितलं पाहिजे. कळत नाही म्हणून मागे राहू नका. आज ऐकलंत, म्हणजे कळतं. आणि मुलालाही बरोबर न्या. तो हर्ट्‌झ बघेल, तुम्ही ध आणि घ बघा.

मॉनिटर घरी आला की त्याच्याशेजारी वेळापत्रक चिकटवा. इतक्या वाजेपर्यंत काम, त्यानंतर अभ्यास, मग इतका वेळ खेळ. आणि त्यात मुलीच्या नावाचाही एक रकाना असू द्या. संगणक शिकायचाय तिलाही, आणि खेळायचंय तिलाही.

तुमच्या गटात मॉनिटर घ्यायचं चाललं असेल तर आधी तासांचा कागद करा, सातबारा पेनड्राइव्हमध्ये टाका आणि मगच बाजाराची वाट धरा. आमचं बोलणं इथे थांबवतो. डोळ्यांना जपा. नमस्कार.